डबा सर

आमचे खेळाचे सर चेंडू टाकणाऱ्या मुलीकडे, म्हणजे पिचरकडे, पाठ करून उभे राहत. मैदानाच्या कडेला कडुनिंबाच्या फांदीला तेलाचा रिकामा डबा टांगलेला असे. आम्ही सॉफ्टबॉल त्या डब्यावर फेकायचा आणि सरांनी नुसत्या कानांनी सांगायचं, "कड लागली. मधात घाल." डबा मधोमध वाजला की "हाव" म्हणत, त्यापलीकडे कौतुक नाही. जळगाव जामोदमध्ये सगळ्यांचे ते डबा सर. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा शोकसंदेशातलं खरं नाव वाचून आमच्याच टीममधली मैत्रीण मला फोनवर विचारत होती, "हे कोण गं?"

मला त्यांनी हेरलं ते आमच्या ज्वारीत. मी माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होते. सरांनी बांधावर गाडी थांबवली, दगड कुठवर जातो ते पाहिलं आणि तडक बाबांना गाठलं. "भाऊ, हे पोरगी मले द्या. अख्ख्या जिल्ह्यात असा हात नाही." बाबांना सॉफ्टबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण 'जिल्हा' हा शब्द कळला. तेव्हापासून मी सरांची 'गोफण'.

सर मूळचे कबड्डीचे. सॉफ्टबॉल ते नियमांच्या पुस्तकातून शिकले होते. राग आला तरी ओरडत नसत, खिशातले फुटाणे काढून खात राहत. माझ्या दोन वर्षांत त्यांनी किती फुटाणे खाल्ले असतील, देव जाणे. माझा चेंडू जोरात जायचा, पण डब्याच्या वरून. सामन्यात तर विचारूच नका. चार चेंडू वाकडे पडले की समोरच्या मुलीला फुकटात पहिला बेस मिळतो. मी तर अन्नछत्रच उघडलं होतं. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची, तरी सकाळी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. मला दुसरं काही नकोच होतं.

नववीच्या शेवटी बाबा मैदानावर आले. "सर, खरं सांगा. जमन का इले? पुढच्या साली धाव्वी हाय. नसन जमत तं आजपासून बंद."

सरांनी ठणकावून हो म्हणावं म्हणून माझा जीव गोळा झाला होता. सर म्हणाले, "आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत सर पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसले. डबा काढून ठेवला, ग्लोव्ह चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवे बसून माझे चेंडू झेलू लागले. तिसऱ्या दिवशी एकदम उठले. "थांब वं. परत टाक. हळू." गोफण सोडण्याआधी ताण बसेपर्यंत थांबावं लागतं. त्याच सवयीनं मी चेंडूही क्षणभर जास्त धरून ठेवत होते, आणि हात खालून आणून टाकायचा तो चेंडू मांडीपाशी सुटायच्या ऐवजी हात वर गेल्यावर सुटत होता. सरांनी खूप प्रयत्न केले, पण सवय हलेना.

आठव्या दिवशी बाबा आले. सर सगळ्या मुलींच्या देखत म्हणाले, "भाऊ, चूक माही हाय. दोन वर्षं मी डबा आयकला, पोरीचा हात पाह्यलाच नाही. इचं शिकणं बंद करू नका. पण माह्यापाशी ठेवू नका. वडनेर भोलजीले एक मॅडम हायेत, त्या सोता पिचर होत्या. त्याईच्यापाशी धाडा."

वडनेरला माझी मावशी राहते. तिच्याकडे मला ठेवायला बाबा तयार झाले. मग म्हणाले, "अन् तुमची टीम, सर?" सरांनी फुटाण्यांसाठी खिशात हात घातला, पण खिसा रिकामा होता.

मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या सहज टाकून दिलं म्हणून निघताना मी त्यांच्या पायासुद्धा पडले नाही.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात मी वडनेरकडून खेळले. समोर नेमकी सरांची टीम. त्यांच्या शेवटच्या मुलीला मी सलग तीन चेंडूंत बाद केलं आणि सरांची टीम हरली. तेवढ्यात त्यांच्याच बाजूनं टाळ्या ऐकू आल्या. सर एकटेच उभे राहून वाजवत होते, आणि त्यांच्या हरलेल्या मुली तोंड एवढंसं करून त्यांच्याकडे बघत होत्या.

"काय पाहून राह्यल्या वं?" सर त्यांना म्हणाले. "माहीच पोरगी हाय ते."