धर्मादादांचं 'गो'

धर्मादादांनी आपल्या मुलीला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. तिचं नाव मंजुळा, हे मला एकदा दादांसाठी तिच्या मामाला पत्र लिहून देताना कळलं. "ये गो!" एवढंच ते म्हणायचे. आमच्या खाडीकाठी बाईमाणसाला हाक अशीच मारतात. पण बायको बाळंतपणात गेल्यापासून दादांचा सारा जीव त्या एका अक्षरात होता. ती हाक मिठागराच्या दुसऱ्या टोकाला पोचायची.

माणूस फटकळ. मी मास्तर म्हणून नवा आलो तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, पोरांना मारू नका. मारून बैल बी सरल चालत न्हाय." मला राग आला होता. मग त्यांची पडवी पाहिली. लंगडी शेळी, पंख मोडलेला बगळा, सगळे दुखणाईत तिथे. मी चिडवायचो, "दादा, हे घर आहे की दवाखाना?" "घरच हाय. तुमीबी येताव ना जेवाया?"

इंग्रज गेल्याच्या दुसऱ्या वर्षी ते मिठानं भरलेला मचवा घेऊन मुंबईला गेले आणि येताना पांजरपोळातून वासराएवढा कुत्रा घेऊन आले. वय जेमतेम दीड वर्ष. कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना त्याला तिथे सोडून गेला होता. "तीन म्हयने कुनाकडं बगत नव्हता. मना बगून उठला," दादा म्हणाले. नाव ठेवलं पावना.

दादांनी "ये गो!" म्हटलं की पावना ताडकन उठायचा, कान टवकारून अंग ताठ करायचा. "बगा मास्तर, पोरीवर कवरी माया!" दादा फुशारायचे. मला त्या डोळ्यांत माया दिसत नव्हती. महिन्याभरात त्यानं शेजारणीच्या दोन कोंबड्या मारल्या. दादांच्या मेलेल्या बायकोचं काहीतरी त्याच्यात शिरलंय, असं बायका कुजबुजू लागल्या. मी हसलो खरा, पण त्या वाटेनं जाणं टाळू लागलो.

एके सकाळी शेजारच्या हौसाकाकू हात लांब करून आपल्या लेकीवर ओरडल्या, "जा गो तिकडं!" त्या हाताच्या दिशेनं पावना सुटला आणि बांधावरच्या करडाचा त्यानं गळा धरला. तेव्हा माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीचा एकदाचा उपयोग झाला. 'गो' म्हणजे जा. साहेब सावजाकडे हात दाखवून हेच म्हणत असणार. आम्ही गावभर दिवसातून शंभरदा त्याला हुकूम सोडत होतो.

"कुत्रा परत धाडा," मी दादांना अर्थ सांगून म्हणालो.

"दोनदा टाकू काय त्याला? त्याचा काय चुकला? आपलीच जीभ आवरू."

त्यांनी आवरली. शेजारणींनाही हात जोडले. 'मंजुळा' म्हणायला लागले, अडखळत, परक्याच्या लेकीला बोलवावं तसं. एकदा ती शाळेत येऊन मला विचारू लागली, "बाबा माज्यावर रुसला काय वो?" मी कारण सांगितलं. "तरी पन," ती म्हणाली आणि गेली.

वैशाखात, भर दुपारी, दादांचा पाय मिठागराच्या बांधावरून घसरला. फावड्याची धार नडगीत बसली. दोन्ही हात पुढे फेकले गेले आणि तोंडातून जे निघायचं तेच निघालं, "आई गो!" समोरून मंजुळा धावत येत होती. पावना तिच्यावर सुटला.

रक्ताळल्या पायानं दादा कसे उठले, देव जाणे. त्यांनी आपला हात त्याच्या जबड्यात दिला. माणसं काठ्या घेऊन धावली तेव्हा दुसऱ्या हातानं ते त्याला पोटाशी धरून होते. "मारू नका. सांगितला तवरा आयकला त्यानं."

जखमा चिघळल्या. आठव्या दिवशी धनुर्वातानं गाठलं. मंजुळानं पावन्याला खाडीपलीकडे मामाकडे धाडलं आणि ती दादांच्या उशाशी बसली.

"बाबा, पावना गेला. आता म्हन गो मना. एकदाच."

दादांची दातखीळ बसली होती. डोळे तिच्यावर खिळलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्या शब्दाचा अर्थ सांगणारा मी दारात उभा होतो. मला आत जाववेना. मी वळून पडवीत आलो, तरी तिचा आवाज येतच राहिला, "म्हन ना, बाबा. म्हन ना."