चार नंबरचं बटण

मंजुषा गायके फोनला भिते. दचकणं वेगळं, ही खरंच भिते. एकदा लग्नाच्या पंगतीत कुणाच्या तरी पिशवीत तिच्या कामाच्या फोनसारखीच घंटी वाजली, तर ही बाई ताटावरून उठून उभी राहिली. वाढपी बिचारा जिलेबीची परात घेऊन जागीच थबकला. सासरची माणसं पोट धरून हसली. हसणाऱ्यांचं काय जातं! त्यांच्या फोनला कुणाचा जीव टांगलेला नसतो.

तिची नोकरी काय, हे सांगायची पंचाईतच आहे. सासूबाई, म्हणजे गीताबाई, सिडकोतल्या शेजारणींना सांगतात, "आमची सून अ‍ॅम्ब्युलन्स चालवती." तशी ती काही चालवत नाही. जिल्ह्यात एक खासगी संस्था रुग्णवाहिका पुरवते. गावातून कॉल आला की तो सगळ्यात जवळच्या ड्रायव्हरला जोडून द्यायचं काम एक सॉफ्टवेअर करतं. हे सॉफ्टवेअर एका मोठ्या यंत्रात नाही, लहान लहान बंद डब्यांत चालतं. त्यांना कंटेनर म्हणतात. मंजुषाचा नवरा शिवराज शेंद्र्याच्या कारखान्यात डबा नेतो, त्यात भाजी-पोळी-लोणचं सगळं आपापलं असतं, शेजाऱ्याकडे मागावं लागत नाही. हेही तसंच. एक डबा बंद पडला तर दुसरा आपोआप उभा राहतो, गर्दी झाली की डबे वाढतात. हे डबे उभे आहेत की आडवे, यावर डोळा ठेवणारी माणसं तीन: मंजुषा, रय्यान आणि त्यांचे साहेब सुदर्शन.

त्यांना एक उद्दिष्ट ठरवून दिलेलं होतं. हजारातले नऊशे नव्याण्णव कॉल चुटकीसरशी ड्रायव्हरपर्यंत पोचले पाहिजेत. पोचतात तोवर पडदा हिरवा, नाही तर लाल. "शंभर टक्के जगात काहीच नसतं," सुदर्शन सर म्हणायचे, "एखादा सुटला तरी आपण उद्दिष्टातच असतो." त्या सुटलेल्या एकाचा मंजुषा फार विचार करायची. तो कोण असेल? त्याच्या घरात तेव्हा काय चाललं असेल? असले प्रश्न विचारायचा पगार कंपनी देत नाही, म्हणून ती ते मनातच विचारायची.

पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असत. डबे ढासळायला लागले की पाळीवरच्या माणसाला यंत्राचा फोन येई. एक बाई तुटक इंग्रजीत काहीतरी सांगे आणि शेवटी म्हणे, निरोप मिळाला असेल तर चार दाबा. चार दाबला म्हणजे माणूस कामाला लागला. दाबला नाही तर थोड्या वेळानं तोच फोन पुढच्या माणसाला जाई. म्हणजे मंजुषानं उचलला नाही तर शहागंजात राहणाऱ्या रय्यानला. व्यवस्था चोख होती. फक्त ती करणाऱ्यांना गीताबाई माहीत नव्हत्या.

त्या दिवशी मंजुषा पाळीवर होती, घरून काम करत होती, आणि भर दुपारी नळाला पाणी आलं.

या शहरात पाणी येणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. किती दिवसांनी येईल त्याचा नेम नाही, आलं तर किती वेळ राहील त्याचाही नाही. गल्लीत हाळी उठते, झोपलेली माणसं उठतात, भांडणारी भांडण अर्धं टाकतात, आणि घरोघरच्या मोटारी एकदम घरघरायला लागतात. मंजुषा लॅपटॉप सोडून पाइप धरायला अंगणातल्या हौदावर धावली. फोन तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, कारण आधीचा फोन याच हौदात बुडाला होता. वाजला तर आई हाक मारतील, असं तिनं गृहीत धरलं.

हौद भरला, पिंपं भरली, घागरी भरल्या. ओल्या साडीनं ती आत आली आणि लॅपटॉपकडे बघितलं. पडदा लालभडक होता. कॉल कुठल्या गावातून आलाय हे ओळखणारे डबे उभे राहत होते, पडत होते, पुन्हा उभे राहत होते. कॉल येऊन नुसते वाजत राहत होते आणि तुटत होते. आणि वर लिहिलेलं होतं: निरोप मिळाला, काम सुरू आहे. नाव मंजुषा गायके.

आपल्याला वेड लागलंय असंच तिला क्षणभर वाटलं. सकाळी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या एका बदलामुळे डबे ढासळत होते; तिनं तो मागे घेतला आणि डबे एकेक करून जागेवर आणले. तेवढ्यात रय्यानचा फोन आला. "दीदी, तुम देख रहे थे ना? मेरेकू तो कुछ आयाच नै."

गीताबाई दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"आई, माझा फोन वाजला होता का?"

"वाजला की. लई बोंबलत व्हता." गीताबाई कौतुकानं म्हणाल्या. "तू पाण्यात, म्हणून मीच उचलला. त्या बाईला म्हणलं, दम धर गं माय, सून पाणी भरतीय, आत्ता येईल. तरी तिची टकळी चालूच. मग तू दाबतीस तसा चार दाबला. लगेच गप झाली."

मंजुषाला ओरडायचं होतं. तिचा चेहरा बघून गीताबाईंचं हसू मावळलं. "काय झालं गं? माझ्या हातनं काय झालं?"

काय झालं, ते मंजुषा तेव्हा शोधतच होती. तुटलेल्या कॉलपैकी बहुतेकांनी नंतर पुन्हा फोन लावला होता आणि त्यांना गाडी मिळाली होती. एकच नंबर तसा नव्हता. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातून तीनदा फोन आला होता आणि मग पुन्हा आलाच नाही. तीनदा लावून माणूस थांबतो, तो कशामुळे थांबतो? गरज सरली म्हणून, की माणूसच सरलं म्हणून?

सुदर्शन सरांना तिनं सगळं खरं सांगितलं. त्यांनी आकडे बघितले. "महिन्याचं उद्दिष्ट मोडलेलं नाही. आपण हिरव्यातच आहोत, घाबरू नकोस." हाच तर तो हजारातला एक, आणि आता त्याला नंबर होता, गाव होतं. त्या घरी फोन करायची परवानगी तिनं मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला धीर झाला नाही. शेवटी गीताबाईच शेजारी येऊन बसल्या. "लाव. मी हाय इथं."

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. "कडुबा बोलतोय. कोण?"

"मी अ‍ॅम्ब्युलन्सच्या ऑफिसातून बोलतेय. काल तुम्ही फोन केला होता..."

"तीनदा केला," तो म्हणाला. "काल कुठं व्हता तुमी?"

"काका, घरात... सगळे बरे आहेत ना?"

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. तेवढ्या वेळात मंजुषा मेली आणि जिवंत झाली.

"सून अडली व्हती. टमाट्याच्या टेम्पोत घातली, क्रेटांवर गोधडी टाकून. वाटंतच बाळ झालं. जितंय. पर तिचं लई रगत गेलं. आज सकाळी डोळे उघडले, तवर आमच्यात जीव नव्हता."

मंजुषा रडायला लागली. गीताबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "दादा, हिचा काय दोष नाय. फोन मी दाबला. मी हिची सासू. नळाला पाणी आलं व्हतं ओ."

"पाणी आलं व्हतं?"

"व्हय."

"मग काय बोलावं तुमाला," कडुबा म्हणाला. "बाई, तुमच्यावर माझा राग न्हाई. पर त्यो नंबर आता आमच्याकडं कुणी लावायचं न्हाई. मी समद्यांना सांगून ठिवलंय."

आणि तसंच झालं. त्या पट्ट्यातून रोज एखाद-दुसरा कॉल असायचा, तो आटला. पुढच्या बैठकीत सुदर्शन सर पडद्यावर बोट ठेवून खुशीत म्हणाले, "फुलंब्रीकडचा पट्टा बघा, एकही कॉल चुकलेला नाही!"

"सर, एकही कॉल आलेलाच नाही," मंजुषा म्हणाली.

इतके दिवस ती लाल रंगाला भ्यायची. आता ती त्या हिरव्या पट्टीला भ्याली. तिथं माणसं आजारी पडत होती, बाया अडत होत्या, टेम्पो शोधले जात होते, आणि यंत्र म्हणत होतं, सगळं ठीक आहे. तिनं हट्टच धरला. त्या पट्ट्यातून आदल्या दुपारपासून एकही कॉल आला नसेल तर घंटी वाजली पाहिजे. "काही झालं नाही म्हणून घंटी?" सरांना हसू आलं. रय्यान तिच्या बाजूनं उभा राहिला, म्हणून घंटी लागली, तीही रोज मंजुषाच्याच फोनवर. त्या भागातला ड्रायव्हर सांडू यालाही तिनं गळ घातली की परतीच्या वाटेवर कडुबाच्या गावात थांबत जा, चहा पी, तोंड दाखव.

घंटी रोज वाजू लागली, बरोबर दुपारच्या चहाच्या वेळेला. गीताबाई फोन दोन्ही हातांत लांब धरून, तापलेलं पातेलं आणावं तसा सुनेपुढे आणून ठेवत. बटणाकडे बघतही नसत. मंजुषा चार दाबे आणि त्या दिवशीही तिकडून कुणी हाक मारली नाही, हे मुकाट्यानं पत्करी. रोजची घंटी म्हणून तिची भीती रतीभरही कमी झाली नाही.

मग एका दुपारी चहा झाला, कपही विसळून झाले, तरी फोन गप्पच.

"बिघडला का गं?" गीताबाईंनी विचारलं.

मंजुषानं लॅपटॉप ओढला. त्या पट्ट्यातून नुकताच एक कॉल आला होता. नंबर तिला पाठ होता, कडुबाचाच. पहिल्याच झटक्याला सांडूला जोडला गेला होता आणि नकाशावर सांडूच्या गाडीचा ठिपका त्या गावाकडे वळला होता. सगळे डबे उभे होते. म्हणजे नंबर लावला होता त्यांनी! आणि लावला होता म्हणजे त्या घरात पुन्हा काहीतरी झालं होतं. त्या बाईला? त्या बाळाला? मंजुषाला हसावं की रडावं कळेना. तिनं सासूचा हात घट्ट धरला.

ठिपका फार सावकाश सरकत होता.

तेवढ्यात गल्लीत हाळी उठली, पाणी आलं, पाणी आलं! शेजारची मोटार घरघरली. अंगणातला नळ खरखरला आणि रिकाम्या हौदात धार पडल्याचा आवाज आला.

"येऊ दे," गीताबाई म्हणाल्या, आणि ठिपक्यावरची नजर न काढता तिथंच बसून राहिल्या.