उपाशी ठेवायची ओळ

सकाळचे सहा चाळीस. कारभारी कुटे बादलीत खडेमीठ विरघळवत आहेत. नाशिकरोडच्या एका खासगी प्रयोगशाळेच्या शेडनेटमध्ये कोकणातल्या खाडीचा, तेलगळतीने तेलकट झालेला चिखल कुंड्यांत भरला आहे आणि त्यात तिवराची, म्हणजे खारफुटीची रोपं लावली आहेत. समुद्र इथून लांब, म्हणून भरतीचं काम कारभारींकडे.

सायखेड्याच्या कारभारींचं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. बाग मुलाकडे सोपवून ते या नोकरीला लागले. पगार बेताचा, काम आवडीचं. ‘घरच्या तुळशीला पाणी घाला म्हणून दहादा सांगावं लागतं,’ ही पत्नी कुसाबाईंची तक्रार.

कुंड्यांच्या दोन ओळी आहेत. एकीत तेल खाणारे जिवाणू सोडलेत. दुसरीला खाऱ्या पाण्याखेरीज काही द्यायचं नाही. दोन्हींची तुलना करूनच जिवाणूंचा उपयोग कळणार. चैताली या तरुण संशोधिकेचं वर्षभराचं काम त्यावर उभं आहे.

आज ती आली, तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या रोपाला नवी पालवी होती.

“काका, याला काय दिलंत?”

“जीवामृत. तांब्याभर.”

“कधी?”

“मागल्या आठवड्यात. पिवळं पडलं होतं, मॅडम. बघवंना.”

“ते पिवळंच पडायला हवं होतं.”

“आमच्यात असं झाड मारीत नाय.”

चैताली कुंडीशेजारी बसली. शेण-गोमूत्राच्या त्या काल्यातही जिवाणू असतात. ओळभर गेला असता, तर तुलनाच संपली असती.

“बाकीच्यांना?”

“नाय. तेवढ्यात तुमचं बोलणं आठवलं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही लय रागावता.”

“आता नाही रागावले का?”

“आज कमी हाय.”

ती हसली. ओळीत एक कुंडी जादा होतीच. पालवीची कुंडी तिने प्रयोगातून बाद केली, तसं नोंदवलं आणि कारभारींना देऊन टाकली.

“हिला काय घालायचं ते घाला. फक्त पाणी खारंच द्या. आणि बाकीच्यांकडे दयेनं बघू नका.”

कारभारींनी कुंडी नळाजवळ नेली, जीवामृताचं पिंप शेडबाहेर ओढलं. दुसरी ओळ पिवळीच आहे. उद्या शनिवार. नऊ वाजता दोन्ही ओळींतली माती तपासणीसाठी काढायची आहे. कुंड्या धरायला कारभारीच असतील.