शेवटच्या घराचे पितळ

रत्नमालाताईंना मी प्रथम पाहिले ते जुन्नरच्या बाजारपेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात. काउंटरवरच्या तराजूच्या दोन पारड्यांत त्यांनी एकेक तोटी ठेवली होती. दोन्हींचा आकार एकच, तरी एक पारडे स्पष्टपणे खाली गेले होते. दुकानदार वर राहिलेल्या, चकचकीत तोटीची तरफदारी करत होता.

“ताई, चमक तर बघा. पावणं आलं की आधी नळाकडंच बघत्याल!”

“नळाचं लगीन न्हाई लावायचं मला. पाणी अडवायचंय,” ताई म्हणाल्या, आणि पिशवीतून कानस काढून त्यांनी त्या तोटीच्या बुडावर एकदाच घासली. मुलाम्याखाली पिवळे पितळ दिसायला हवे होते. दिसला तो पांढुरका, ठिसूळ धातू.

मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. डिंगोऱ्यात नुकताच स्थायिक झालो होतो आणि घराच्या नळजोडणीचे सामान घ्यायला तिथे गेलो होतो. सवयीने मी हरकत घेतली: वजन जास्त म्हणून पितळ चांगले, हे अनुमान सदोष आहे, शिसे मिसळूनही वजन वाढते. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“बरोबर हाय, सर. म्हणून तर एकट्या वजनावर मी थांबत न्हाई. शिशासाठी मानकाचा शिक्का बघते. मग कानस, मग आटे. समद्या साक्षी जुळल्या तरच माल उचलायचा.”

हरकत मान्य करून तिचे उत्तर देणारा प्रतिपक्ष माझ्या वर्गात क्वचितच भेटला होता. त्याच दिवशी आमचा स्नेह जडला, आणि पुढे गावाच्या पाणीपुरवठा समितीत मी अध्यक्ष व त्या सदस्य झाल्यावर तो दररोजच्या वादांनी पक्का झाला. आज ताईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात लिहिण्याचा अधिकार मला असलाच, तर तो त्यांच्याशी सर्वाधिक भांडलेला माणूस म्हणून आहे.

ताईंचे घराणे डिंगोऱ्याचेच. धर्मांतरानंतर त्यांच्या आजोबांनी शिक्षणाचा जो आग्रह धरला, तो वडिलांनी मुलींच्या बाबतीतही सोडला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नळजोडणी शिकून ताई या व्यवसायात आल्या, तेव्हा बाईच्या हातात पाना पाहून लोक हसत असत. ताईंनीही त्या हसण्याची परतफेड सव्याज केली. विनय हा त्यांचा गुण आहे असे मी लिहिणार नाही. ते असत्य ठरेल आणि त्याच ते प्रथम खोडून काढतील.

त्यांच्या कामाचे मर्म समजण्यासाठी आमच्या गावाची ठेवण सांगणे आवश्यक आहे. पाण्याची टाकी एका टेकाडावर. तिथून मुख्य नळ आधी खालच्या आळीत उतरतो आणि मग समोरच्या चढावर वस्तीकडे जातो. त्या वस्तीतले सर्वांत उंचावरचे, अखेरचे घर चांगुणाबाईंचे. खाली कुठेही सांधा गळला किंवा कोणी जास्त पाणी ओढले, की वर थेंब पोचणार नाही हे उघड होते. चांगुणाबाई एकट्या, गुडघे थकलेले, विहीर उताराच्या तळाशी. त्यांच्या लेकीने निक्षून सांगितले होते: या खेपेला नळ आला नाही, तर घराला कुलूप घालून आईला भोसरीला न्यायचे.

“तितं चौथ्या माळ्यावर मी काय करू गं? कोंबड्या कुटं ठिवू?” चांगुणाबाईंनी ताईंना विचारले होते.

समितीच्या बैठकीत ताईंनी या प्रश्नाचे सूत्र केले: प्रत्येक जोड शेवटच्या घरासाठी निवडायचा. मुख्य नळाला छिद्र पाडून घराची जोडणी जिथे निघते, तिथली पितळी तोटी म्हणजे फेरूल. ती सर्वांना अर्ध्या इंचाचीच. आणि प्रत्येक घराबाहेर, रस्त्यावरून हात पोचेल असा, जड पितळेचा एक बंद करायचा कॉक. दोन्हींवर गहजब झाला. पाऊण इंची फेरूल मागणाऱ्यांत पहिला होता ताईंचा धाकटा भाऊ मिलिंद.

“ताई, सख्खा भाऊ हाय मी!”

“म्हणूनच चटकन न्हाई म्हणाले. परका असतास तर समजावत बसावं लागलं असतं.”

कॉकला विरोध खालच्या आळीतल्या विठ्ठलअण्णांचा. “माझ्या पाण्याची चावी रस्त्यावर कशापायी? उद्या कोन बी येऊन बंद करील!” अण्णांचा मुद्दा निराधार नव्हता, हे मी अध्यक्ष म्हणून नोंदवले. ताई म्हणाल्या, “करील. पण कॉक न्हाई बसवला तर गरज पडंल तवा कुनालाच बंद करता येनार न्हाई.” बहुमत ताईंच्या बाजूने गेले. अण्णांनी मात्र अंगणातल्या नळाची तोटी स्वतःच्या पसंतीची, पुण्याहून आणलेली, आरशासारखी लखलखीत बसवली.

पाणी सोडण्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे मोटर असो, ट्रॅक्टर असो, नव्या वस्तूवर नारळ फुटल्याशिवाय ती कामाला लागत नाही. ताईंनी आळीभर बजावले होते, “नारळ फोडा, पर दगडावर. नळावर न्हाई.” पाणी आले. अण्णांच्या तोटीतून पहिली धार पडली. गर्दीत उत्साह होता, आणि अण्णांचा स्वभाव मोठा.

“देवाचं काम हाय, ताई. वाईच टेकवला तर काय व्हतंय?”

अण्णांनी टेकवला तो पैलवानाच्या हाताने. नारळ शाबूत राहिला. तोटी मानेपाशी तुटून अंगणात पडली, आणि तिच्या जागी उसळलेल्या फवाऱ्याने अण्णांचा फेटा, पूजेचे ताट आणि अध्यक्ष या नात्याने पुढे उभा असलेला मी, असे सर्व एकाच वेळी न्हालो. पोरे नाचू लागली. तेवढ्यात वरून चांगुणाबाईंची हाक आली, “अगं रत्ना, थेंबबी न्हाई गं!” त्यांची लेक दारात उभी होती, बोचकेही बांधून तयार होते.

ताई रस्त्यावर गेल्या, अण्णांच्या भिंतीबाहेरचा कॉक त्यांनी दोन बोटांनी फिरवला, आणि फवारा बसला. निवडतानाच त्यांनी प्रत्येक कॉक असा फिरवून पाहिला होता. मग सगळा गाव वर पाहत उभा राहिला. आधी नळातून हवेची फुरफुर, मग मातकट पाणी, मग स्वच्छ धार. टाळ्यांचा आवाज आला तो प्रथम अण्णांच्या अंगणातून. आता जुन्नरला सामान निवडायला ताईंबरोबर अण्णाच जातात, आणि दुकानदाराला कानस मागतात.

ताईंच्या मायेचा एक दाखला घरचा आहे. माझ्या पत्नीच्या बोटांना संधिवात. तिने कधी तक्रार केली नव्हती. एकदा आमच्याकडे चहा घेताना ताईंनी तिला स्वयंपाकघरातली तोटी मनगटाने फिरवताना पाहिले. पुढच्या आठवड्यात लांब दांडीची, तळहाताने ढकलता येणारी तोटी घेऊन त्या आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, जुनी गळत व्हती.” ती गळत नव्हती. ताईंच्या तोंडून मी ऐकलेले हे एकमेव असत्य विधान, आणि ते खोडण्याची इच्छा मला आजवर झालेली नाही.

पाणी सोडले त्या दिवशी चांगुणाबाईंच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा बोचके सुटलेले होते आणि लेक चूल पेटवत होती. चांगुणाबाईंनी ताईंपुढे कप धरला. “घे रत्ना. घरच्या नळाचा च्या हाय.” आजही तो नळ वाहतो, कोंबड्या अंगणात आहेत आणि तिथला पहिला कप ताईंचाच असतो. तो घ्यायला तो चढ ताईंनी निरोगी पावलांनी पुढची कितीतरी वर्षे चढत राहावे, वाटेतल्या प्रत्येक कॉकला हात लावून पाहावा, आणि त्यांच्याशी वाद घालायला मलाही मागोमाग चढता यावे, ही मनापासूनची सदिच्छा.