कोंडलेली ऊब

मी मुळातच भित्री. माहेरी धुळ्याला घरात गॅस आला, तेव्हा आई काडी पेटवायची आणि मी दाराबाहेर जाऊन उभी राहायची. लग्न होऊन जामनेरकडच्या केळीवाल्या घरात आले ती ही भीती पदरात बांधूनच. आणि नशीब असं, की सासऱ्यांनी गॅस, वीज आणि चाकं ही तिन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात आणून ठेवली.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. धंदा केळी पिकवायच्या वखारीचा, पण जीव सगळा घोड्यांत. दर हिवाळ्यात तापीकाठच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरे आणि नाना तिथं मुक्काम ठोकत. राहुटीत राहून कंटाळले, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. बाकडी काढून फळ्यांचे पलंग ठोकले, मागच्या कोपऱ्यात गॅसची टाकी ठेवली, छताला बल्ब लावला. गाव बघायला आलं. नाना सगळ्यांना आत चढवून दाखवायचे, बल्ब लावायचे, विझवायचे. मी मात्र त्या गाडीत दारापासून दोन हातांपलीकडे जायची नाही.

पहिल्याच हिवाळ्यात आम्ही निघालो. नवरा केळीच्या पाण्यासाठी घरी थांबला. गाडी चालवायला नाना, आणि मागे सासूबाई, मी आणि माझी जेमतेम उभी राहायला लागलेली मुलगी. सासूबाईंना मीही अक्काच म्हणायची. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती टाकी हलायची, की मी पोरीला छातीशी धरायची. एरंडोलच्या पुढे मी गाडी थांबवायला लावली आणि टाकी साखळीनं पत्र्याला बांधून घेतली. मुक्कामाला पोचल्यावरही रोज सकाळी नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायची. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद. बंद केला तरी दोनदा परत जाऊन बघणार. नाना हसायचे. म्हणायचे, सूनबाई टाकीले रोज साबन लावते, पोरीले लावत नाही.

विजेचं तर विचारूच नका. शेजारच्या पाळण्यावाल्याच्या जनरेटरवरून नानांनी एक वायर ओढून आणली, खिडकीतून आत घेतली. दुसऱ्या दिवशी ओल्या हातानं दाराची कडी धरली तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. अख्खी गाडी लोखंडाची. पोरगी त्याच पत्र्याला धरून उभी राहायला शिकत होती. मी तिला उचललं, बाहेर जाऊन उभी राहिले आणि वायर निघेपर्यंत आत येणार नाही म्हणून सांगितलं. सासऱ्यांशी त्या सुरात मी कधी बोलले नव्हते. अक्कांनी माझी बाजू घेतली आणि वायर निघाली. मग कंदील आला. मला वाटलं, आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही.

कोळशाची शेगडी होती, पण ती काय, घरचीच. बाळंतपणात माझ्या खाटेखाली तीच होती, पोरीला शेक दिला तोही तिच्यावरच. रात्री मात्र मी तीसुद्धा विझवायला लावायची, गोधडीला ठिणगी लागेल म्हणून. भीती होती ती एवढीच.

नदीकाठची थंडी वाढत गेली. पत्रा रात्रभर असा गार पडायचा, की पाठ टेकवत नव्हती. पोरीला सर्दी झाली, छाती वाजायला लागली. एका सकाळी उजाडता उजाडता मी धुणं घेऊन नदीवर निघाले, तेव्हा नाना शेगडीत कोळसे भरत होते. अक्का नातीला मांडीवर घेऊन गोधडीत बसल्या होत्या. नाना म्हणाले, जाय तू, पोरीले आज थंडी लागू देत नाही.

थंडीत केळी लवकर पिकत नाहीत. म्हणून आमच्या वखारीत शेगडी ठेवून ऊब आणि धूर कोंडायची रीत होती. दाराच्या फटीत ओलं गोणपाट दाबायचं, वरून चिखल लिंपायचा, बोटभर वारा आत जाता कामा नये. नानांच्या हाताची वखार पंचक्रोशीत नावाजलेली. त्या हातांनी त्या सकाळी गाडीच्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या, वायर आत यायची ती जागा बुजवली, दाराच्या खालीही गोणपाट दाबलं. अक्कांना आतून कडी लावायला सांगितली आणि ते बाजारात गेले.

मी परत आले ती बोटं गारठलेली, डोक्यावर ओलं धुणं. दार वाजवलं. अक्कांना हाक मारली. उत्तर नाही. काचा आतून वाफेनं पांढऱ्या झालेल्या, काही दिसेना. माझ्या मनात पहिल्यांदा गॅसच आला. मी दाराच्या फटीला नाक लावून वास घेतला. वास नव्हता. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही भीती वाटते. डोळा लागला असेल म्हणून मी चक्क एक साडी दोरीवर वाळत घातली.

मग जाणवलं, की पोरगी खोकत नाहीये.

बाहेर पाणी तापवायला मांडलेल्या चुलीच्या दगडानं काच फोडली, हात आत घालून कडी काढली. मनगट कापलं ते मला नंतर कळलं. आतून गरम, जड हवा अंगावर आली. शेगडीत निखारे लालभडक, धूर नावाला नाही. अक्का पत्र्याला टेकून बसलेल्या, तोंड उघडं. मुलगी त्यांच्या मांडीवर, मान एका बाजूला पडलेली. गाल चांगले गुलाबी होते. मी तिला उचललं तर तिचे हात खाली लोंबले. मी किंचाळले असेन, कारण नाना धावत आले.

ते दारात थांबले. शेगडीकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं. कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. वखार उघडली की कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत दार सताड ठेवून बाहेर थांबायचं, तोवर मजुराला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हा त्यांचाच दंडक. म्हणाले, "वखारीत मी कुत्रं शिरू नाही देत माय. अन् घरचे मी कोंडले."

ज्या घोड्याचा सौदा चालला होता तो घेऊन त्याचा मालक मागोमाग आला होता. त्यानं लगाम नानांच्या हातात दिला. "लई जा, नाना. बाकीनं मंग दखसूत." सौद्याचं नंतर बघू, म्हणाला. नाना चढले, मी पोरीला वर दिलं आणि ते गावातल्या दवाखान्याकडे गेले. मी मागे धावणार होते, पण अक्का अजून आतच होत्या.

मी आणि त्या घोडेवाल्याच्या बायकोनं अक्कांना ओढून बाहेर आणलं, मातीवर निजवलं. तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यांना उलटी झाली, डोळे उघडले. पहिला प्रश्न, पोरगी कुठी हाये. मी सांगितलं, नानांनी घोड्यावर फिरवायला नेलंय. त्या तशा अवस्थेतही चिडल्या. एवढ्या थंडीत पोरीला बाहेर कशाला नेलं, म्हणून नानांना बोल लावू लागल्या. मी त्यांचे तळवे चोळत राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले. देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही.

ऊन वर आलं तेव्हा नाना दिसले. घोड्यावर नव्हते. लगाम हातात, घोडा मागे, आणि ते अगदी हळू चालत येत होते. पोरगी त्यांच्या खांद्यावर होती, वर कुणाची तरी शाल. हलत नव्हती. जिवंत लेकरू घेऊन येणारा माणूस धावत येईल, असं चालत कशाला येईल? मी बसल्या जागेवरून त्यांचा चेहरा बघत होते आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं.

जवळ येऊन ते कुजबुजले, "झोपली हाये. डॉक्टर म्हने, बरी हाये. लई रडली. जागी होईन म्हनून घोड्यावर नाही बसलो."

मी तिला त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि मांडीला कचकन चिमटा काढला. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. नाना, "रडवू नको माय," म्हणत राहिले. मी दुसरा चिमटा काढला.