पोथीवरचा सिनेमा

सिनेमा मला आवडला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी जयपूरच्या मराठी बायकांत असं म्हणणारी मी एकटीच होते आणि त्यावरून पुढे कित्येक वर्षं मी बोलणी खाल्ली. पण ही हकिकत माझ्या आवडीनिवडीची नव्हे. ती मधुमती खटावकरांची आहे. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो.

काकूंचे यजमान प्रभाकरराव विम्याच्या ऑफिसात. साताऱ्याहून बदली होऊन एकोणीसशे पन्नासच्या सुमारास जयपूरला आले आणि बनीपार्कात आमच्या शेजारी राहू लागले. काकू इतक्या हळू बोलायच्या की भाजीवाला त्यांना मागितलेलं सोडून स्वतःला खपवायचं असेल ते द्यायचा आणि त्या ते मुकाट्याने घरी आणायच्या. मग सासूबाई विचारायच्या, "अगं, तुला मेथी आणायला सांगितलं होतं, हे काय गवत आणलंस?"

या सासूबाई म्हणजे आक्काबाई. त्यांना आणखी दोन थोरले मुलगे होते, दोघांची साताऱ्यात ऐसपैस घरं होती आणि दोघांच्याही घरात आईला जागा नव्हती. जयपूरची कोरडी हवा संधिवाताला फार चांगली, असा शोध दोघांनाही एकाच आठवड्यात लागला. आक्काबाई धाकट्याबरोबर आल्या खऱ्या, पण येताना गल्लीभर सांगून आल्या, "मला मारवाडात टाकायला नेतायत." आणि त्याचा सगळा राग काढायला समोर होती कोण, तर सून.

काकूंना वाचनाचं वेड होतं. आक्काबाईंच्या मते मात्र कादंबरी हे संसार बुडवायचं साधन. काकूंच्या ट्रंकेत माहेरून आलेली एक जाडजूड कादंबरी होती, 'अठरा कुलपांचा महाल'. राजकन्या हिरण्मयी, तिला काचेच्या महालात कोंडणारा मायावी कालजंघ, तिला सोडवायला निघालेला वीरसेन, एक बोलका पोपट आणि राजकन्येची म्हातारी दाई तुंबी. आता ही वाचायची कशी? काकूंनी जी शक्कल काढली, ती त्यांच्यासारख्या गरीब गाईला सुचली यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्यांनी पुस्तक लाल कापडात बांधलं, चौरंगावर ठेवलं, पुढे समई लावली आणि पोथीचा हेल काढून वाचायला सुरुवात केली.

आक्काबाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत उभ्या राहिल्या. मग भिंतीला टेकून बसल्या. आणि दुसऱ्या बुधवारी त्यांनी स्वतः पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. कुठलं पुराण हे त्यांनी कधी विचारलं नाही. राक्षस होता, राजकन्या होती, एवढं त्यांना पुरलं.

मग दर बुधवारी दुपारी आम्ही सगळ्या जमायला लागलो. मी नवी नवरी, माझा नवरा फौजेत. सुभेदार सर्जेरावांची बायको भागुबाई छावणीतून टांग्याने यायची आणि येताना आणखी दोघी-तिघींना घेऊन यायची. विणकाम आणायची सोय नव्हती, शेंगा सोलायची नव्हती. "पोथीला बसायचं तर हात रिकामे," असा आक्काबाईंचा दंडक. कालजंघ वीरसेनाला उकळत्या तेलात टाकतोय आणि आम्ही हात जोडून बसलोय, शेवटी गूळ-खोबऱ्याचा प्रसाद घेऊन घरी जातोय. आणि काकू! भाजीवाल्यापुढे ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्या कालजंघाचं हसू असं हसायच्या की माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दोन तासांपुरत्या आक्काबाईसुद्धा त्यांच्याकडे मान वर करून बघत. एरवी सुनेकडे बघायची त्यांची रीत वेगळी होती.

पोथीचा आणखी एक नियम असतो. पुढची पानं चाळून बघायची नाहीत आणि लावलेली पोथी अर्धवट सोडायची नाही, समाप्ती झालीच पाहिजे. काकूंनी हे दोन्ही नियम पाळले आणि तिथेच त्या फसल्या.

समाप्तीचा बुधवार आला. शिऱ्याचा वास घरभर सुटला होता. सतरा कुलपं उघडली होती आणि अठरावं उघडायला तुंबीने स्वतःचा प्राण किल्लीत घातला आणि ती दारातच दगड झाली. काकूंनी पान उलटलं. पुढे पानंच नव्हती! ट्रंकेच्या तळातून वाळवी शिरली होती आणि बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टण तसंच ठेवून आतला सगळा शेवट तिने फस्त केला होता. समोर आम्ही दहा-बारा बायका डोळ्यांत प्राण आणून बसलेल्या. आणि अगदी पुढे आक्काबाई, पदराचा बोळा तोंडाशी धरून, दगड झालेल्या म्हातारीसाठी रडत होत्या.

काकूंनी वाळवीच्या मातीवर बोट ठेवलं आणि वाचत राहिल्या. वीरसेन आणि हिरण्मयी महालाबाहेर पडले, राज्य मिळालं, लग्नाची तयारी झाली. पण हिरण्मयी बोहल्यावर चढेना. माझी दाई आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, म्हणाली. दोघं उलट पावली महालात गेली, अठराही दारं पुन्हा ओलांडली आणि राजकन्येने तुंबीच्या दगडी पायांवर डोकं ठेवून तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. दगडाला घाम फुटला आणि तुंबी म्हणाली, "एवढा उशीर?"

आम्ही ओक्साबोक्शी रडलो. शिरा कुणाच्या घशाखाली उतरेना. पुढे दोन-तीन वर्षांत ती पोथी पुन्हा पुन्हा लागली आणि दर वेळी काकूंना तोच शेवट शब्दाला शब्द मातीतून वाचावा लागला. एकदा राजकन्येच्या शालूचा रंग बदलला तर आक्काबाईंनी तिथल्या तिथे टोकलं, "मागच्या खेपेला हिरवा होता."

हे वाळवीचं मला कळलं ते सिनेमाची जाहिरात लागली तेव्हा. मुंबईच्या कुणा कंपनीने 'अठरा कुलपांचा महाल'वर हिंदी सिनेमा काढला होता आणि तो चौड्या रस्त्याजवळच्या थिएटरात लागणार होता. मी ती बातमी नाचत नाचत काकूंकडे नेली. काकू मटकन खाली बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

"अहो, मग काय झालं!" मी म्हटलं. "कादंबरी तर आहे."

"तुला कादंबरी," काकू म्हणाल्या. "आईंना पोथी आहे. पोथीत पदरचं घालणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. चारू, बुधवार सोडला तर त्या माझ्याशी धड बोलतही नाहीत गं. तेवढं एक आहे माझ्याकडे. तेही जायचं."

मी त्यांना डोकं दुखायचा सल्ला दिला. तो त्यांनी मानलाही. पण आक्काबाईंनी सुंठीचा लेप स्वतः उगाळून त्यांच्या कपाळाला थापला आणि म्हणाल्या, "आपल्या पोथीवर सिनेमा निघालाय आणि पोथी सांगणारी घरी झोपणार? ऊठ."

मॅटिनीला आम्ही दोन टांगे भरून गेलो. लेडीज क्लासच्या दाराशी आक्काबाई थांबल्या आणि त्यांनी चपला काढल्या. साताऱ्यात संतांच्या सिनेमाला त्या तशाच गेल्या होत्या. त्यांनी काढल्या म्हणून भागुबाईने काढल्या, भागुबाईने काढल्या म्हणून बाकीच्यांनी. दारावरचा माणूस ती चपलांची रांग बघून गांगरला आणि त्याने आत जाऊन मॅनेजरना बोलावलं. मॅनेजर नंदकिशोरजी आले, आक्काबाईंच्या हातातला नारळ बघितला आणि त्यांनीही हात जोडले.

नारळ फुटला नाही ते बरं झालं, कारण पहिल्या दहा मिनिटांतच भागुबाईने तो पडद्यावर फेकायला मागितला.

वीरसेनाला ढेरी होती. यावर सगळ्यांचं एकमत झालं, माझंही. पोपट काढून टाकला होता आणि त्याच्या जागी एक नकट्या नाकाचा विदूषक घातला होता, तो दर दोन प्रसंगांनी केळीच्या सालीवरून घसरायचा. "पोपट कुठाय आमचा?" छावणीकडच्या एका बाईने मोठ्याने विचारलं. काचेचा महाल बघून भागुबाई म्हणाली, "आमच्या साहेबाच्या न्हाणीघरात बी ह्याच फरश्या हाईत." आणि हिरण्मयी कोंडलेली असून सारखी नाचत होती. आक्काबाईंना ते मुळीच पटलं नाही. "पायात बेड्या आहेत ना तिच्या? मग गिरक्या कसल्या घेते?" पुढच्या रांगेतल्या मारवाडी बायका आधी शुक् शुक् करत होत्या, मग आमचं बोलणं कळत नसूनही हसायला लागल्या.

मला मात्र कालजंघ फार आवडला. काय डोळे होते! काय आवाज! हिरण्मयीच्या जागी मी असते तर वीरसेनाला परत पाठवला असता. हे मी बोलून दाखवलं तेव्हा भागुबाईने मला कोपराने ढोसलं ते अजून आठवतं.

काकू या सगळ्यात नव्हत्याच. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसून होत्या. तुम्हाला वाटेल, त्या पकडलं जाण्याच्या भीतीने बसल्या असतील. भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खरा शेवट काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तो कुठे वाचला होता?

अठरावं दार आलं. तुंबी दगड झाली. वीरसेन आणि हिरण्मयी धावत आली, त्यांनी त्या दगडावर एकेक फूल ठेवलं, मग पांढऱ्या घोड्यावर बसून डोंगरापलीकडे निघून गेली, मागे गाणं चालू. दिवे लागले.

भागुबाई उठून उभी राहिली.

"म्हातारीला तिथंच टाकली? आन् हे गानं म्हनत चालले व्हय?"

मग एकच गलका झाला. परत का गेले नाहीत, हाक का मारली नाही, हिरवा शालू कुठे गेला, पोथीचं वाटोळं केलं मेल्यांनी. त्या गलक्यातच आमची फौज अनवाणी पायांनी मॅनेजरच्या खोलीवर चालून गेली. काकूंना दोघींनी दंडाला धरून पुढे घातलं, कारण पोथीतलं अधिकाराने सांगणार त्याच. मी मागे ओढत होते, पण माझं ऐकतंय कोण?

नंदकिशोरजींनी उभं राहून ऐकून घेतलं. भागुबाईचं हिंदी त्यांना निम्मं कळलं असेल, पण राग पूर्ण कळला. सभ्य माणूस होता. म्हणाला, "बहनजी, नाराज मत होइए. कॉलेज में मैंने इस किताब का हिंदी अनुवाद पढ़ा है. किताब में भी बुढ़िया पत्थर ही रहती है. मैं भी बहुत रोया था."

"काकू," भागुबाई म्हणाली, "सांगा या बाबाला. तुमी सांगा."

काकूंनी नुसतं 'याच्या अनुवादात चूक असेल' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी त्यांच्या पाठीत बोट खुपसून तेच सुचवत होते. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे वळल्या.

"आई, ते बरोबर सांगतायत. आपल्या पुस्तकाचा शेवट वाळवीने खाल्ला होता. तुंबी दगड झाली तिथवरच पानं होती. पुढचं सगळं मी पदरचं सांगितलं."

भागुबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. आक्काबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, संपलं. बुधवार संपले, पोथी संपली, आता घरी गेल्यावर या बाईचे हाल कुत्रा खाणार नाही.

"प्रत्येक खेपेला?" आक्काबाईंनी विचारलं.

"हो."

"पोथीसमोर बसून?"

"हो."

"मग दगडच ठेवायची होतीस. तेवढ्यावर समाप्ती झाली असती. परत कशाला गेलीस तिला आणायला?"

काकूंचा आवाज एरवीसारखा बारीकच होता, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"तुम्ही समोर बसला होतात, आई. तुमच्यापुढं तिला तिथं टाकून मला पुढं जाववेना."

आक्काबाईंची हनुवटी हलायला लागली, तेव्हा त्यांनी ती पदराने घट्ट दाबून धरली. थोरल्या मुलांचं नाव त्यांनी जयपुरात येऊन कधी काढलं नव्हतं, तेव्हाही काढलं नाही. सुनेकडे बघून चार गोड शब्द बोलायचं तर त्यांना मराठीत कधी जमलंच नव्हतं, त्या वयात कुठून जमणार? म्हणून त्या नंदकिशोरजींकडे वळल्या आणि उभ्या जन्मात न बोललेल्या हिंदीत त्यांना ठणकावून म्हणाल्या,

"भैयाजी, किताब चुकली. हमारी बहू बरोबर है."