साडूंचा ऐकणारा दात

आमच्या थोरल्या साडूंना देवाने कान दिले ते फक्त बेअरिंगं ऐकायला. माणसांचं ऐकण्याची सोय त्यात करायची राहूनच गेली, असं आमच्या सासुरवाडीचं एकमुखी मत होतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी उभी हयात टर्बाइन सांभाळण्यात घालवली. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, पातं मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं कुठलं बेअरिंग किती दिवसांचं सोबती आहे ते सांगून मोकळं व्हायचं. माझ्या लग्नात, भर मे महिन्यात, मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हॉलमधला पंखा बंद करायला लावला होता. "बेअरिंग रडतंय त्याचं," एवढंच कारण. अंतरपाटाच्या अलीकडे मी घामाने निथळत होतो आणि नवरा मुलगा घाबरलाय अशी पलीकडे समजूत झाली, ती आजतागायत कायम आहे. त्याच पंख्याने पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी मुंजीत मान टाकली, तेव्हापासून मी साडूंना मनोमन हात जोडतो.

निवृत्तीनंतर हे कान रिकामे पडले असते, पण त्यांच्या धाकट्या मुलीने डर्ट बाइक घेतली. ही मुलगी आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर गोगलगाईसारखी बसते आणि रविवारी मातीच्या उंचवट्यांवरून दोन-दोन पुरुष उंच उडते. मेहुणीबाईंनी देव पाण्यात ठेवले. साडू मात्र 'पडशील' असं एकदाही म्हणाले नाहीत. "चाकं मी बघीन," एवढंच म्हणाले.

आणि बघतात म्हणजे काय बघतात! दर शर्यतीनंतर इंदिरानगरातल्या त्यांच्या अंगणात ती बाइक लाकडी ठोकळ्यांवर चढते, चाकं उतरतात, मागच्या शॉकअपखालचा सांधा सुटा होतो. त्यातले सुईएवढे बारीक रोलर स्टीलच्या ताटात डिझेलमध्ये आंघोळीला पडतात. पुसायला मेहुणीबाईंची जुनी सुती साडीच लागते, कारण टॉवेलचे तंतू सुटतात. वाळवायला हवेचा फवारा मारायचा नाही. "कोरडं बेअरिंग हवेने गरगर फिरवणारा माणूस उद्या आईलाही धावायला लावील," हे साडूंचं वचन. मग अंगठ्याने ग्रीस भरायचं. मला वाटलं, वरून फासलं की झालं. साडूंनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. "साडूभाऊ, पुरणपोळी खाता ना? पुरण कडेपर्यंत गेलेलं नसलं तर काय म्हणता?" त्या दिवसापासून माझी नेमणूक फक्त पुसण्यावर आहे. माझ्या स्कूटरचा आवाज आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखतात, तेव्हा ही नेमणूकही मेहेरबानीच म्हणायची.

शेवटी चाक जागेवर बसवून फिरवायचं आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ऐकायचं. साडू मूळचे नामपूरचे. आमच्याशी शहरी बोलतात, पण चाकाशी बोलताना अहिराणीत उतरतात. "काय म्हनस?" असं ते इतक्या मायेने विचारतात, की मेहुणीबाई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला नाही कधी विचारलं, काय म्हणतेस म्हणून!" साडूंनी मान वर केली नाही. त्यांनी कधीच केली नव्हती, म्हणून कुणाला काही वाटलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा गाल सुजला. येत्या रविवारी शर्यत होती आणि त्याआधीच्या मंगळवारी मी त्यांना दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सुपारीने तोंड बरंच मोकळं केलेलं. वरचा आणि खालचा दात समोरासमोर भेटतील अशी एकच जोडी उरली होती आणि त्यातला खालचा नेमका किडलेला. "आजोबा, आजच काढू या," बाई म्हणाल्या. साडूंनी त्यांचं मनगट धरलं. "सोमवारी."

"अहो, पू झालाय. आत्ता दुखत नाहीये का?"

"इंदिरानगरहून आलो," साडू म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोळ्या घेऊन बाहेर आलो आणि रसवंतीवर बसून मी त्यांच्या कानाजवळ जाऊन विचारलं, "दादा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"कुणाला सांगू नका!" साडू म्हणाले, आणि हे गुपित त्यांनी इतक्या मोठ्यांदा सांगितलं, की रसवाल्याने चरक थांबवला. टर्बाइनने कान कधीच नेले होते. दोन वर्षं ते बेअरिंगं दाताने ऐकत होते. मूठ दातांत घट्ट चावली की थरथर हाडातून थेट डोक्यात जाते म्हणे. ही शेवटची जोडी त्यांनी राखून ठेवली होती. तिच्यापायी चिवडा सोडला, मिसळीवरचा पापड सोडला. "दात गेला तर तिची चाकं कोण ऐकणार, साडूभाऊ?" आणि आम्ही सगळे त्यांना हट्टी समजत होतो! मुळात जो माणूस कुणाचंच ऐकत नाही तो बहिरा झालाय, हे कळावं तरी कसं?

शनिवारी दुपारी चाक फिरलं. साडूंनी आमच्याकडे पाठ करून मूठ दातांत धरली. सुजलेल्या गालावर घाम आला, पण मूठ सुटली नाही. मग म्हणाले, "डाव्या बाजूचं बेअरिंग. खोला."

"नवीन आहे, पप्पा! परवाच मी स्वतः बसवलंय," मुलगी म्हणाली. मी गुडघ्यांवर बसून कान लावला. मला माझेच गुडघे ऐकू आले. पण साडू हटेनात. बेअरिंग बाहेर काढलं, धुतलं आणि तिच्या बोटावर चढवून फिरवलं. एका जागी ते किंचित, अगदी खसखशीएवढं अडखळलं.

"आतल्या कड्यावर हातोडा मारलास बसवताना," साडू म्हणाले. शर्यतीत कुठल्या तरी उडीनंतर त्या चाकाने दगाच दिला असता. हातातल्या साडीने मी कोरडं ताटच पुन्हा पुसत बसलो.

मुलगी वळसा घालून बापाच्या अगदी समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "पप्पा, सोमवारी तो दात काढायचा. मला शिकवा." तिला माहीत होतं. आता आठवतं, की गेली दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलताना आधी अशीच समोर येऊन बसायची. साडूंनी मूठ शर्टाला पुसली आणि पुढे केली. "चाव."

आधी दुसऱ्या, चांगल्या चाकाचं ऐकवलं, मग ते अडखळणारं पुन्हा बसवून त्याचं. तिचे डोळे मोठे झाले. मग नवीन बेअरिंग साडूंनी स्वतः भरलं, पुरण कडेपर्यंत.

रविवारी ती चौथी आली. चाक पहिलं आलं, असं साडूंचं मत आहे.

आता बोळक्या तोंडाने ते अंगणात स्टुलावर बसतात, आणि त्यांचे हात अजून ग्रीस भरतात. चाक फिरलं की मुलगी मूठ दातांत धरून डोळे मिटते आणि ते तिचा चेहरा बघत राहतात. "काय म्हनस?" ती मूठ बाजूला ठेवते, समोर येते आणि ऐकलेलं सगळं एकेक शब्द सुटा करून सांगते. आणि उभ्या जन्मात कुणाचं वाक्य पुरं न ऐकलेले आमचे साडू तिच्या ओठांवरून नजर न हलवता, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतात. परवा मेहुणीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ते बघत होत्या. मग पदराला हात पुसत आल्या आणि त्याही त्यांच्या समोर जाऊन बसल्या.